तृतीय रत्न : जोतीराव, नाटक आणि रात्रीची शाळा

महात्मा फुले म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पागोटं, खांद्यावर उपरणं, शाळेच्या भिंतीवरचा तो फोटो, भिडेवाडा, ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर. आपल्यापैकी जे एमपीएससीचा अभ्यास करतात त्यांना तर सगळी सनावळी तोंडपाठ असते. पण जोतीरावांनी एक नाटक लिहिलं होतं, तेही वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आणि ते नाटक मोठ्या माणसांनी शाळेत जावं म्हणून लिहिलं होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? मी आमच्या मेसमध्ये विचारून बघितलं. दोन हात वर झाले, त्यातला एक वाढप्याचा होता!

यंदा एनएसएसच्या दत्तक गावात साक्षरतेसाठी पथनाट्य बसवायचं आणि संध्याकाळी वाचन मंडळ चालवायचं ठरलं, तेव्हा स्क्रिप्ट शोधता शोधता ‘तृतीय रत्न’ हाती लागलं. ते वाचलं आणि मग ते लिहिणाऱ्याचं आयुष्य पुन्हा वाचावंसं वाटलं. पाठ्यपुस्तकात ते पंधरा ओळींत उरकलेलं असतं. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठीचं पुस्तक तसंही बारीक होतं.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा, पुण्याचा. घराणं मूळचं सातारा भागातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुलं पुरवायचं काम घराण्यात आलं आणि ‘फुले’ हे नाव चिकटलं. आई चिमणाबाई जोतीराव अगदी तान्हे असतानाच गेल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवलं. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातलं खरं, पण थोडं लिहायला-वाचायला येताच काढूनही घेतलं. माळ्याच्या पोराला जास्त शिकवलं तर तो शेतीच्या कामाचा उरणार नाही, असं कुणीतरी जाणत्याने त्यांच्या मनात भरवलं होतं. झालं, पाटी गेली आणि हातात खुरपं आलं. १८४० मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी लग्नही झालं.

ही गोष्ट इथेच संपली असती. पण शेजारी दोन माणसं होती. एक गफार बेग मुन्शी, उर्दू-फारसीचे शिक्षक, आणि दुसरे लिजिट साहेब म्हणून एक ख्रिस्ती गृहस्थ. दिवसभर शेतात राबून रात्री दिव्याखाली पुस्तक धरणारा हा मुलगा त्यांनी बघितला आणि ते गोविंदरावांच्या मागेच लागले. याला शिकवा, हा वाया घालवायचा मुलगा नाही. गोविंदराव वळले. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले आणि १८४७ पर्यंत तिथे शिकले.

मला हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शाळा पुण्यात होती, मुलगा हुशार होता, घरची परिस्थिती अगदीच हलाखीची नव्हती. तरीही शिक्षण थांबलं, कारण बापाच्या मनात एक भीती घालण्यात आली. आणि ते पुन्हा सुरू झालं, कारण दोघांनी बसून त्या बापाशी बोलून ती भीती काढली. मुलाला शाळेत आणायचं तर आधी घरातल्या मोठ्या माणसाशी बोलावं लागतं. पुढे त्यांनी नाटक लिहिलं त्यातही हेच आहे. एक जण भीती घालतो, दुसरा ती काढतो.

शाळेत त्यांना मित्र भेटले. सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे. हे सगळे ब्राह्मण घरातले, हेही सांगायला हवं, कारण पुढच्या शाळांच्या कामात यातले काही जण जोतीरावांच्या बरोबरीने उभे राहिले. ही मंडळी एकत्र वाचायची. शिवाजी महाराज आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांची चरित्रं, आणि १८४७ मध्ये थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’. आजच्या भाषेत त्याला स्टडी सर्कल म्हणता येईल. चार-पाच पोरं, एक पुस्तक आणि वाद. दुसरीकडे लहुजी वस्तादांच्या आखाड्यात दांडपट्टाही चालू होता. म्हणजे नुसते पुस्तकी किडे नव्हते.

१८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला, हा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी त्यांनी अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा बघितली आणि पुण्यात येऊन भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. लोकांनी काय त्रास दिला ते इथे पुन्हा लिहीत नाही. १८४९ मध्ये गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं, तेव्हा उस्मान शेख या मित्राने जागा दिली. (तो भिडेवाडा स्मारकासाठी २०२३ मध्ये पाडण्यात आला.)

१८५१ आणि १८५२ मध्ये शाळा वाढल्या. मुलींच्या आणखी शाळा, मग महार-मांग मुलांसाठी शाळा. १८५२ मध्येच या विद्यार्थ्यांसाठी एक ग्रंथालय काढलं. याच वर्षी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कॅंडी यांच्या हस्ते शालजोडी देऊन त्यांचा सत्कार झाला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. आपण त्या वयात कॅम्पसची वाट बघत असतो.

या शाळांतून काय तयार होत होतं? १८५५ मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने आपल्या समाजाच्या दुःखावर लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो मिळवून नक्की वाचा. चौदाव्या वर्षी इतकं सरळ आणि इतकं रोखठोक लिहिणारी मुलगी आजही सापडणं अवघड आहे.

पण त्याच वर्षी जोतीरावांनी आणखी दोन गोष्टी केल्या. घरात रात्रीची शाळा काढली, दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजूर बायका-पुरुषांसाठी. आणि ‘तृतीय रत्न’ लिहिलं. ही दोन्ही कामं एकाच वर्षातली आहेत, हा मला योगायोग वाटत नाही.

नाटकाची गोष्ट अगदी साधी आहे. एक कुणबी आणि त्याची बायको. बायकोला दिवस गेलेत. नवरा कामाला गेलेला असताना दारात जोशीबुवा येतो. पोटातल्या बाळावर ग्रहांची वाईट दृष्टी आहे, असं सांगून तो तिला घाबरवतो. मग शांती, अनुष्ठान, दान, ब्राह्मणभोजन असं सुरू होतं. एकेक करून घरातली चीजवस्तू बाहेर जाते. पुढे एक पाद्री भेटतो, त्याच्याशी बोलणं होतं. त्यात देवाधर्माचा वाद आहे आणि शिक्षणाची गोष्टही आहे. हळूहळू त्या कुणब्याच्या लक्षात येतं की आपल्याला वाचता येत नाही म्हणून हे झालं. जोश्याच्या पंचांगात खरंच काय लिहिलंय, हे तो बघूच शकत नव्हता. शेवटी नवरा-बायको दोघंही फुल्यांनी काढलेल्या रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात.

यात एक विदूषक आहे. तो खरा हिरो! गोष्टीत तो कुठेच भाग घेत नाही, पण मधूनमधून येऊन प्रेक्षकांना सांगतो की बघा, आता हा काय डाव टाकतोय. त्या वेळच्या मराठी नाटकात विदूषक असायचाच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हापासून रंगभूमीवर राम, सीता, राक्षस, सूत्रधार आणि विदूषक अशी ठरलेली मंडळी होती. जोतीरावांनी तो विदूषक उचलला आणि कुणब्याच्या अंगणात आणून उभा केला. देव नाहीत, राजे नाहीत. ज्यांच्यासाठी लिहिलं तीच माणसं स्टेजवर. मराठीतलं पहिलं स्वतंत्र, छापील गद्य नाटक म्हणून वि. ज. कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ या १८६१ च्या नाटकाचं नाव घेतलं जातं. ‘तृतीय रत्न’ त्याच्या सहा वर्षं आधीचं. मग नाट्यसृष्टीच्या इतिहासात त्याचं नाव इतकी वर्षं का नव्हतं?

कारण ते कुणी बघितलंच नाही. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. इंग्रज सरकारने त्याच पैशातला काही भाग मराठी पुस्तकांना बक्षीस देण्यासाठी वळवला होता. भिक्षुकी कशी फसवते हे दाखवणारं नाटक, आणि तेही दक्षिणा कमिटीकडे! पाठवायलाही धाडस लागतं. कमिटीने ते नाकारलं. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांपुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं जोतीरावांनी पुढे लिहून ठेवलं आहे. हस्तलिखित तसंच पडून राहिलं. ते छापून आलं १९७९ मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. १८५५ ते १९७९, म्हणजे एकशे चोवीस वर्षं.

इथे एक गंमत सांगते. ‘तृतीय रत्न’ लिहिलं गेलं त्या वर्षी आपला जिल्हा कुठे होता? निजामाकडे, असं आपण पटकन म्हणू. पण १८५३ च्या तहात निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दोआबाबरोबर आपला नळदुर्ग-धाराशिवचा भागही इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. तो १८६० मध्ये परत गेला. त्या काळात इथला कारभार बघत होता मेडोज टेलर, ठगावर कादंबरी लिहिणारा तोच. म्हणजे त्या थोड्या वर्षांत पुणे आणि नळदुर्ग एकाच सरकारखाली होते. पण पुण्यात रात्रीची शाळा निघाली तसे वारे इकडे यायला पुढे फार काळ गेला. पुन्हा निजामी आली आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू झाली. आज इथे गावात साठीच्या पुढच्या आजी सही करताना अंगठ्याकडे बघतात, त्यामागे हाही इतिहास आहे.

माझ्या कॉन्व्हेंटच्या मैत्रिणी विचारतात की नाटकात पाद्री आहे, शाळा मिशनची, मदत मिशनऱ्यांची, मग जोतीराव ख्रिस्ती का झाले नाहीत? नाहीच झाले. मिशनऱ्यांकडून त्यांनी शाळा कशी चालवायची ते घेतलं, समतेची भाषा घेतली, पण देव त्यांनी स्वतःचा शोधला आणि त्याला निर्मिक म्हटलं. नाटकातला पाद्री मात्र थोडा लांबलचक बोलतो, हे मान्य करावं लागेल. आमच्या वाचनात त्याच्या भाषणाला दोघांना डुलकी लागली. विदूषक आला की जागे व्हायचे.

रात्रीच्या शाळेची एक गोष्ट सांगितली जाते. १८५६ मध्ये जोतीरावांना ठार मारण्यासाठी दोन माणसं पाठवली गेली. एक रामोशी, रोडे नावाचा, आणि दुसरा धोंडिराम नामदेव कुंभार. पैसे मिळणार म्हणून ही माणसं आली होती. जोतीरावांनी त्यांना आपण काय काम करतो ते सांगितलं, आणि माझ्या मरण्याने तुमच्या पोराबाळांचं भलं होत असेल तर मारा, अशा अर्थाचं काही बोलले म्हणतात. दोघांनी शस्त्र टाकलं. रोडे पुढे त्यांचा अंगरक्षक झाला. धोंडिराम मात्र त्याच रात्रीच्या शाळेत शिकला आणि पुढे सत्यशोधक समाजाच्या कामातला विद्वान माणूस झाला.

आता आपल्या ब्रँचच्या कामाचं. जोतीराव पोटापाण्यासाठी कॉन्ट्रॅक्टर होते! पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी. येरवड्याच्या पुलाचं काम, कात्रजच्या बोगद्याचं काम, खडकवासल्याच्या धरणासाठी माल पुरवणं. दगड, चुना, मजूर हे सगळं त्यांनी जवळून बघितलं. सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही, पण पुढचंही ऐका. इंजिनियर खात्यातले कारकून मजुरांची हजेरी आणि मजुरी यात कशी लबाडी करतात, यावर त्यांनी पवाडाच रचला. साहेब सही करतो, कारकून लिहितो, आणि मजुराला आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचता येत नाही. पुन्हा तेच! जोश्याचं पंचांग गेलं, मस्टर आलं.

मधली वर्षं भराभर सांगते. १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह. १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला. १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पवाडा. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’, आणि २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज. १८७६ ते १८८३ पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन. त्यात बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, हिशेब, आरोग्य आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान शिकवा, अशा मागण्या होत्या. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आपल्याकडे देशभर लागू झाला २०१० मध्ये. हिशेब करा.

पण ‘शेतकऱ्याचा असूड’पाशी थांबायला हवं. १८८३ चं हे पुस्तक. त्यात शेतकरी कंगाल का झाला याची कारणं आहेत आणि उपायही आहेत. सरकारने मोकळ्या बसलेल्या शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरेल आणि वरची सुपीक माती वाहून जाणार नाही. जागोजाग तलाव करावेत, विहिरींसाठी भूगर्भातलं पाणी शोधावं. जलयुक्त, पाणलोट, शेततळं हे शब्द आपण धाराशिव जिल्ह्यात रोज ऐकतो. दर दोन-चार वर्षांनी टँकर बघणाऱ्या जिल्ह्यात हे प्रकरण मोठ्याने वाचलं तर लोक कान देऊन ऐकतात, हा आमचा अनुभव आहे.

आणि मोठ्याने वाचणं हीच तर या पुस्तकाची रीत होती! नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी असूडची पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढची छापायचं थांबवलं. भाषा सरकारला आणि वरच्या वर्गाला फारच झोंबणारी होती. जोतीरावांना याचा भयंकर राग आला. पण नाटकाचं झालं ते या पुस्तकाचं होऊ दिलं नाही. त्यांनी ते लोकांना वाचून दाखवलं. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, जिथे लोक जमतील तिथे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकून घेतलं. छापखाना बंद असला तरी तोंड उघडं होतं. अंगणात पन्नास माणसं बसलीत, त्यातल्या पंचेचाळिसांना अक्षर येत नाही, आणि मध्ये बसलेला माणूस त्यांच्याच कर्जाचं आणि त्यांच्याच बैलाचं वर्णन वाचतोय, असंच काहीसं चित्र माझ्यापुढे येतं.

‘तृतीय रत्न’ आणि ‘असूड’ यांत मला एक फरक दिसतो आणि तोच आमच्या प्रोजेक्टमध्ये कामाला आला. पथनाट्य आपण सगळेच करतो. स्वच्छतेवर, हुंड्यावर, मतदानावर. डफ वाजवला, गोल केला, पंधरा मिनिटांत टाळ्या, फोटो, रिपोर्ट, मार्क. जोतीरावांच्या नाटकातली जोडी शेवटी शाळेत जायचं ठरवते आणि ती शाळा खरोखर चालू होती. प्रेक्षक उठून त्याच रात्री तिथे जाऊ शकला असता. म्हणजे नाटक ही शाळेची पायरी होती. आमच्या पहिल्या प्रयोगानंतर एका मावशींनी विचारलं की हे सगळं बरं आहे, पण वर्ग कधी आणि कुठे? म्हणून आता क्रम उलटा ठरलाय. आधी शनिवारी संध्याकाळी मंदिराच्या सभामंडपात वाचन, मग नाटक. त्या मावशी पहिल्या बाकावर असतात. (बाक नाहीत, सतरंजी आहे.) त्यांना अक्षरं येत नाहीत, पण वाचणाऱ्याने एक ओळ गाळली तर लगेच पकडतात.

जोतीरावांनंतर सत्यशोधकांनी जलसे काढले. तमाशाचाच बाज, ढोलकी, सवाल-जवाब, आणि विषय भटशाही, सावकारी, शिक्षण. पुढे आंबेडकरी जलसे आले. ज्या नाटकाला बक्षीस मिळालं नाही त्याची रीत अशी गावोगाव फिरली. त्या जलसेकऱ्यांपैकी कुणी ‘तृतीय रत्न’ वाचलेलं असणं मात्र कठीण, कारण ते छापलेलंच नव्हतं.

११ मे १८८८ रोजी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा म्हटलं. त्याच वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. एकसष्ट वर्षांचा माणूस, उजवा हात निकामी. त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तक पूर्ण केलं. ते छापून आलं १८९१ मध्ये, ते गेल्यानंतर. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या.

त्या शेवटच्या पुस्तकात एका घराची कल्पना आहे. बाई बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून तो धर्म स्वीकारते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्म पाळतो. आणि चौघं एकाच घरात, एकमेकांचा द्वेष न करता, प्रेमाने राहतात. डाव्या हाताने, वेडीवाकडी का होईना, हे अक्षरं जुळवत लिहिलेलं आहे. आपल्या होस्टेलच्या एका रूममध्ये तीन जण राहतात आणि पंखा किती नंबरवर ठेवायचा यावरून आठवडाभर बोलत नाहीत. असो.

तर ‘तृतीय रत्न’चं वाचन सध्या दर बुधवारी रात्री साडेनऊला, मेसनंतर, कॉमन रूममध्ये चालू आहे. जोशी मिळाला, कुणबी आणि त्याची बायको मिळाली. पाद्रीचं लांब भाषण सरांच्या मदतीने आम्ही कमी केलं आहे. विदूषकाचं काम अजून कुणीच घेतलेलं नाही. ज्याला वाटतं त्याने यावं, पाठांतर भरपूर आहे.